सोळा गावांचे सोलापूर?

मराठी माणूस आकडे मोजताना पंधरानंतर 'सोळा' म्हणतो. सोळा सोमवार, सोळा संस्कार, सोळा आणे सच. यातला 'ळ' कधी चुकूनही 'ल' होत नाही. तरीही 'सोलापूर हे नाव कसे पडले?' असे विचारले की दहातले नऊजण क्षणाचाही विचार न करता सांगतात, 'सोळा गावे मिळून झाले, म्हणून सोलापूर.' मग त्या गावाचे नाव सोळापूर का झाले नाही? बाजारात, एस.टी. स्टँडवर, लग्नपत्रिकेत, शिव्यागाळीत, कुठेही 'सोळापूर' ऐकू येत नाही. मराठी तोंडाला जो 'ळ' इतका सोपा, तो नेमका याच नावातून नाहीसा कसा व्हावा?

या एका अक्षराच्या कोड्याचा पाठलाग केला, तर गावांची नावे कशी जन्मतात, कशी झिजतात आणि त्यांना नंतर अर्थ कसे चिकटवले जातात, हे सगळे उलगडत जाते.

यादी तर आहे

सोळा गावांची गोष्ट हवेतली नाही. तिची यादीच दिली जाते आणि ती सरकारी गॅझेटियरातही आली आहे. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, खंडेरावकी वाडी, मुहम्मदपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोलापूर, सोन्नलगी, सोनापूर आणि वैदकवाडी. मोजा, बरोबर सोळा भरतात.

आता ही यादी जरा सावकाश वाचा. तेराव्या जागी काय आहे? सोलापूर. सोळा गावे एकत्र आली म्हणून ज्या गावाला सोलापूर नाव मिळाले, ते सोलापूर त्या सोळांत आधीपासूनच बसलेले आहे! मुलाच्या बारशाला मुलगाच पाहुणा म्हणून आला, तसला हा प्रकार.

आणखी एक गंमत. संदलपूर, सोन्नलगी आणि सोनापूर ही तीन नावे वेगळ्या गावांची म्हणून मोजली आहेत. पण यातली सोन्नलगी आणि संदलपूर ही खुद्द सोलापूरचीच जुनी नावे म्हणून कोरीव लेखांत सापडतात. सोनापूरही त्यांच्याच जवळपासचे दिसते. म्हणजे एकाच गावाची वेगवेगळ्या काळातली रूपे वेगवेगळी गावे म्हणून धरली गेली आणि आकडा सोळापर्यंत नेला गेला, असा संशय घ्यायला भरपूर जागा आहे.

शिवाय आदिलपूर, अहमदपूर, मुहम्मदपूर, फतेहपूर, शेखपूर, खादरपूर ही नावे पाहा. ती बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानी काळाच्या आधीची असू शकत नाहीत. आणि गाव तर बाराव्या शतकात नांदते होते, मोठे तीर्थक्षेत्र होते. नंतर वसलेल्या पेठा-वाड्यांवरून आधीच्या गावाला नाव कसे मिळेल? ही यादी शहर वाढत गेले तसतशा त्याला जोडल्या गेलेल्या वस्त्यांची म्हणून खरी असेलही. तिच्यावरून काढलेला नावाचा अर्थ तेवढा खरा नाही.

मध्ययुगीन दख्खनची एक रीतही इथे लक्षात घ्यायला हवी. त्या काळी गावांचे गट आकड्यांनीच ओळखले जात, पण आकडा नावाच्या मागे जोडला जाई. बनवासी बारा हजार, तर्दवाडी एक हजार अशी प्रदेशांची नावे शिलालेखांत पानोपानी भेटतात. तर्दवाडीचा प्रदेश तर आजच्या विजापूरकडचा, म्हणजे सोलापूरच्या शेजारचा. आधी मुख्य ठिकाणाचे नाव, मग आकडा. नुसत्या आकड्याला 'पूर' जोडून गाव उभे करण्याची पद्धत त्यात बसत नाही. आकड्याची नावे सगळीच खोटी असतात असे नाही, पंजाबचेच पाहा. 'पंज' आणि 'आब' दोन्ही फारसी, पाच नद्या डोळ्यांसमोर वाहणाऱ्या. तिथे सगळे एकमेकांशी जुळते. सोलापुरात काहीच जुळत नाही.

दगड काय सांगतात

नावाचा शोध घेणाऱ्याचा पहिला नियम सोपा आहे: आजच्या उच्चाराला अर्थ विचारायचा नाही, सर्वांत जुन्या लिखित रूपाला विचारायचा.

सोलापूरच्या बाबतीत हे जुने रूप शोधायला फार लांब जावे लागत नाही. गावाचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. कल्याणीला कलचुरी बिज्जळाची सत्ता होती, तो काळ. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे ते समकालीन. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेने त्यांनी कन्नड वचने लिहिली. सिद्धेश्वर मंदिराभोवतीचा तलाव ही त्यांचीच देणगी मानली जाते. त्यांच्या काळच्या कोरीव लेखांत गावाचे नाव येते 'सोन्नलगे'. पुढे उच्चारात ते 'सोन्नलगी' झाले आणि यादवांच्या काळापर्यंत तेच चालत राहिले.

इथे दुसरा, स्वतंत्र साक्षीदारही आहे. कन्नड वचन साहित्यात आणि शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शिवभक्तांच्या, चरित्रांत सिद्धराम 'सोन्नलिगेचे सिद्धराम' म्हणूनच ओळखले जातात. राघवांक या कन्नड कवीने तर त्यांच्यावर 'सिद्धरामचारित्र' हे संपूर्ण काव्य रचले. दगडावरचे अक्षर एकीकडे आणि कवीची पोथी दुसरीकडे, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच नाव सांगावे, यापेक्षा भक्कम पुरावा गावाच्या नावासाठी सहसा मिळत नाही.

जाता जाता एक गोष्ट. सिद्धरामांच्या परंपरेत आकडा येतो, पण तो अडुसष्टचा. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली असे मानतात आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत फिरते. मानाच्या उंचच उंच काठ्या कमरेच्या पट्ट्यावर पेलत चालणारे मानकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला हे सांगायला नको. सोळाचा आकडा गावाच्या या सर्वांत जुन्या आठवणीत कुठेच नाही.

यानंतरचा दुवा मोहोळ तालुक्यातल्या कामती गावचा. तिथला संस्कृत लेख शके १२३८ चा, म्हणजे इ.स. १३१६ च्या आसपासचा. यादवांची सत्ता कोसळली त्या सुमाराचा. त्यात गावाचे नाव 'सोनलीपूर' असे येते. शेपटी बदलली, 'पूर' आले. मग किल्ल्यात सापडलेल्या एका लेखात 'सोनलपूर', तर किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर'. मुसलमानी राजवटीत संदलपूर हे नाव रूढ होते.

*चौकट: नावाचा प्रवास*

*बारावे शतक, कलचुरी काळ: सोन्नलगे*
*यादव काळ: सोन्नलगी*
*शके १२३८, कामती लेख: सोनलीपूर*
*किल्ल्यातला लेख: सोनलपूर*
*किल्ल्यातल्या विहिरीवरचा लेख: संदलपूर*
*कन्नड बोलीत आजही: सोल्लापूर*
*मराठीत आज: सोलापूर*
*इंग्रजी अमदानीत: शोलापूर*

'न' गेला कुठे?

सोनलपूरमधला 'न' गळाला आणि सोलापूर उरले, असे बहुतेक ठिकाणी एका वाक्यात सांगून टाकतात. निष्कर्ष बरोबर आहे, पण 'गळाला' म्हणजे काय झाले? अक्षरे पानांसारखी उगीच गळत नाहीत. तोंडात काहीतरी घडावे लागते.

'न' म्हणून पाहा आणि जीभ तिथेच धरून ठेवा. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेले असते आणि हवा नाकातून जात असते. आता जीभ न हलवता 'ल' म्हणा. टोक जवळपास तिथेच राहते. बदल एवढाच होतो की नाकाकडची वाट बंद होते आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी बाहेर पडते. म्हणजे न आणि ल हे एकाच जागेवर बसणारे दोन ध्वनी. ते एकमेकांना खेटून आले की जीभ दोनदा कष्ट घेत नाही, एकाला दुसऱ्यासारखे करून टाकते.

सोनलापूर भराभर म्हटले की मधला 'अ' आपोआप उडतो. आपण लिहितो 'जनता' आणि म्हणतो 'जन्ता', तसेच. उरते 'सोन्लापूर'. आता न आणि ल खेटले. नाकाची वाट जरा आधीच बंद झाली की 'न'चाही 'ल' होतो: सोल्लापूर. सीमेपलीकडचा कन्नड माणूस आजही गावाला 'सोल्लापूर' म्हणतो. त्याच्या तोंडात हा जोड 'ल्ल' अजून शाबूत आहे. मराठीने पुढची पायरी घेतली, जोड सोडवला आणि सोलापूर झाले. व्याकरण शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तत् आणि लीन मिळून तल्लीन. 'ल'समोर आलेल्या दंत्य व्यंजनाने 'ल' होणे हा पाणिनीने नोंदवलेला नियमच आहे आणि तो 'न'लाही लागतो.

आता संदलपूरचा 'द' कुठून आला, हेही याच खेळात सापडते. नाकाची वाट बंद झाली, पण जिभेच्या कडा अजून उघडल्या नाहीत, असा एक निमिष मध्ये राहिला तर तोंडात जो आवाज तयार होतो तो 'द'. न आणि ल यांच्यामध्ये बिनबोलावता येणारा 'द'. वानरचे गावाकडे वांदर होते, हिंदीत बंदर होते, ते याच कारणाने. तिथे ल ऐवजी र आहे, एवढाच फरक. आणि हुबेहूब न-ल असलेले उदाहरण हवे असेल तर ते सोलापूरच्या गिरण्यांतच फिरत होते: सुताची चाती, म्हणजे स्पिंडल. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'स्पिनेल' असा होता, त्यात 'द' नव्हता. नंतर तो न आणि ल यांच्या मधून आत शिरला. इकडे 'सोन्नल'चे 'सोंदल' आणि तिकडे 'स्पिनेल'चे 'स्पिंडल'. हजारो मैल दूरच्या, एकमेकांचे नाव न ऐकलेल्या दोन लोकांच्या जिभा अगदी सारख्याच वागल्या.

म्हणून सोलापूर आणि संदलपूर ही एकाच रूपाला फुटलेल्या दोन फांद्या आहेत असे मानणे मला जास्त पटते. सोलापूर हे संदलपूरमधून निघाले असे मानायची गरज नाही.

'गे' जाऊन 'पूर' आले

एक प्रश्न राहतोच. शेवटचे 'गे' गेले आणि 'पूर' आले, ते का?

सोलापूर जिल्ह्याचा दक्षिण आणि पूर्व भाग कन्नडच्या सावलीत वाढला. होटगी, करजगी ही गावांची नावे मराठी कानाला जरा परकी वाटतात, त्याचे कारण हेच. भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग-कुडलचे पाहा. कन्नडमध्ये 'कूडलु' म्हणजे संगम, आणि तिथले देऊळ संगमेश्वराचे. एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा सांगितलेली. गंमत अशी की याच कन्नड नावाच्या गावी शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख मिळाला, जो मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. या मुलखात भाषा एकमेकींच्या घरात राहत आल्या आहेत.

सोन्नलगेतले '-गे' हे अशाच कन्नड वळणाचे आहे. आणि त्याचे काय होते हे पाहायचे असेल तर पाऊणशे किलोमीटरवरच्या पंढरपूरला चला. विठ्ठल मंदिरातल्या शके ११५९ (इ.स. १२३७) च्या, होयसळ राजा सोमेश्वराच्या लेखात गावाचे नाव आहे 'पंडरगे'. पंडरगेचे पंढरपूर झाले, सोन्नलगेचे सोलापूर. दोन्हीकडे जुनी कन्नड शेपटी गेली आणि तिच्या जागी संस्कृतातून आलेले, सगळ्या भारताला कळणारे 'पूर' बसले. दरबारी कागद, संस्कृत लेख लिहिणारे पंडित, नंतर फारसी लिहिणारे कारकून, सगळ्यांच्या सोयीचे असे हे पद. कामतीच्या संस्कृत लेखात पहिल्यांदा 'पूर' दिसावे, यात म्हणूनच नवल नाही. एक नाव असे बदलले असते तर योगायोग म्हणता आला असता. एकाच जिल्ह्यातल्या दोन मोठ्या क्षेत्रांची नावे एकाच रीतीने बदललेली दिसतात, तेव्हा सोन्नलगेची बाजू आणखी बळकट होते.

पंडरगेच्या बाबतीत तर काही अभ्यासकांनी पुढचे पाऊल टाकले. 'पांडुरंग' हे देवाचे नावच या गावाच्या नावाचे संस्कृत रूप असावे, असे त्यांचे म्हणणे. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा, आणि आपला विठोबा तर काळासावळा! या विसंगतीचा उलगडा त्यातून होतो खरा, पण वारकऱ्याला तो पटवायला जाऊ नये.

आता कुणी विचारेल, सोन्नलगेचा तरी अर्थ काय? इथे मोह फार होतो. सोन्नल म्हणजे सोने, म्हणून सोन्याची नगरी, असे लगेच कुणीतरी म्हणते. कन्नडमध्ये 'सोन्ने' म्हणजे शून्य, आणि शरणांच्या विचारात शून्याला केवढे महत्त्व, मग ही शून्याची नगरी, असेही जोडता येईल. दोन्ही अर्थ गोड आहेत, आणि म्हणूनच दोन्हींपासून सावध राहिलेले बरे. सोळा गावांची चूकही अशाच गोड अर्थातून झाली.

चंदन, फूल आणि 'सोला'

माणसाला अर्थ नसलेले नाव सहन होत नाही. खेड्यात अनोळखी माणूस आला की पारावरचे म्हातारे आधी विचारतात, 'कोणाकडचे पाहुणे?' आणि मग आडनाव, गाव, सोयरीक विचारत विचारत त्याला कुठल्यातरी ओळखीच्या घराशी जोडून टाकतात, तेव्हाच त्यांना चैन पडते. अनोळखी शब्दाचेही लोक हेच करतात. मूळ भाषा विसरली गेली की आपल्या भाषेतले जवळचे नाते शोधतात. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. यात कुणी लबाडी करत नसते. कान जे ऐकतो त्याला मन अर्थ देते, एवढेच.

सोलापुरात हे निदान दोनदा घडले. फारसी जाणणाऱ्या कानाने 'सोंदल' ऐकले आणि त्याला ओळखीचा 'संदल' आठवला, म्हणजे चंदन. 'सो'चा 'सं' व्हायला मग कितीसा वेळ लागणार? संदलपूर म्हणजे चंदनाचे गाव! शेजारच्या कलबुर्गीला नेमके असेच झाले. कन्नड 'कलबुरगी'ला बहमनी दरबाराने गुलबर्गा केले, आणि फारसीत 'गुल' म्हणजे फूल, 'बर्ग' म्हणजे पान. उघड्या काळ्या खडकांचा मुलूख फुलापानांचा झाला. २०१४ मध्ये कर्नाटक सरकारने कागदोपत्री कलबुर्गी परत आणले, पण जुनी माणसे अजून गुलबर्गाच म्हणतात.

दुसऱ्यांदा घडले ते सोळाचे. आणि इथे आपले पहिले कोडे सुटते. मराठीत सोळा, कन्नडमध्ये हदिनारू, शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत पदहारू. यापैकी एकही 'सोलापूर'ला चिकटत नाही. चिकटतो तो दख्खनी-हिंदीतला 'सोला'. म्हणजे हा अर्थ ज्याला प्रथम सुचला, त्याच्या कानात दख्खनी नाहीतर हिंदी होती. मराठी माणसाने तो तयारच घेतला आणि ळ-ल चा फरक पोटात घातला. नाव आकड्यावरून पडले असते तर ते दख्खनी रुळल्यानंतर पडायला हवे होते. पण नाव तर त्याच्या कितीतरी आधीपासून, सोन्नलगे म्हणून, दगडावर होते.

एखाद्या देशाचे नावही या फेऱ्यातून सुटत नाही. १५३५ मध्ये झाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी सेंट लॉरेन्स नदीतून वर गेला, तेव्हा तिथल्या इरोक्वॉय भाषा बोलणाऱ्या पोरांनी आपल्या गावाकडे बोट दाखवून 'कनाटा' म्हटले. कनाटा म्हणजे वस्ती, गाव. त्याने तो शब्द सगळ्या मुलखाचे नाव म्हणून लिहून घेतला आणि कॅनडा जन्मले. तरी आणखी एक गोष्ट लोक चवीने सांगतात: स्पॅनिश खलाशी सोने शोधत आले, काहीच सापडले नाही, म्हणाले 'आका नादा', इथे काही नाही! ही गोष्ट कनाटापेक्षा जास्त रंगते, म्हणून टिकली.

आपल्या देशाच्या नावांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. 'इंडिया'चा माग ध्वनीच्या नियमाने अगदी स्वच्छ लागतो. सिंधूचा 'स' इराणी भाषेत 'ह' होतो, जसा आपल्या सप्ताहचा फारसीतला भाऊ 'हफ्ता', जो आपल्याकडे कर्जाचा 'हप्ता' बनून आला. दरायस राजाच्या शिलालेखांत म्हणूनच 'हिंदुश' आहे. ग्रीकांनी तो 'ह' टाकला आणि इंडस, इंडिया झाले. 'भारत'चे मात्र अजून तीन दावेदार आहेत: दुष्यंत-शकुंतलेचा भरत, जैन परंपरेतल्या ऋषभदेवांचा पुत्र भरत आणि ऋग्वेदातले भरत नावाचे कुळ. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाने 'इंडिया' आणि 'भारत' एका वाक्यात ठेवले, पण कुठल्या भरताचा भारत, हा वाद काही संविधानसभेने अंगावर घेतला नाही. शहाणपणाच केला.

आणि हे 'शो' कुठले?

शेवटचा पदर 'शोलापूर'चा. इंग्रजांना सोलापूर म्हणता आले नाही, त्यांनी शोलापूर केले, असे आपण सर्रास सांगतो. इंग्रजांच्या माथी मारायला सोपे आहे. पण 'स' हा उच्चार इंग्रजाला काही अवघड नाही. सातारा, सांगली, सूरत यांचे त्याने शातारा, शांगली, शूरत केले नाही. मग सोलापूरवरच ही मेहेरबानी का?

उत्तराच्या दिशेने एक खूण अशी, की हिंदी-उर्दू बोलणारेही हे गाव 'शोलापूर' म्हणतात. सोलापूरच्या किल्ल्यावरून सोळाव्या शतकात विजापूर आणि अहमदनगर यांच्यात दोन-तीन पिढ्या भांडण चालले. तो हुंड्यात देण्याचे ठरले, दिला गेला नाही, त्यावरून लढाया झाल्या, आणि पुढे चांदबिबीच्या लग्नात पुन्हा तोच किल्ला आंदण म्हणून आला. या सगळ्या हकिकती फारसीत लिहिल्या गेल्या. फारसी लिपीत सीन आणि शीन या दोन अक्षरांत फरक फक्त तीन टिंबांचा. टिंबे दिली की 'स'चा 'श'. इंग्रज इकडे आले तेव्हा त्यांचे मुनशी आणि इतिहासाची पुस्तके फारसीच होती. तेव्हा 'शो' त्यांनी स्वतः घडवला यापेक्षा तो त्यांना आयता मिळाला आणि त्यांनी छापखान्यात पक्का केला, हा अंदाज मला जास्त बरा वाटतो.

आणि एकदा छापले की मग ते सुटत नाही. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ पुकारला गेला, तो जगभर 'शोलापूर'च्या नावाने गाजला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, त्या खटल्याच्या इंग्रजी कागदांवरही हेच नाव. चादरीचे तेच. सोलापुरात विणलेली चादर उत्तरेत गेली की 'शोलापुरी' होते.

स्वातंत्र्यानंतर स्पेलिंग दुरुस्त झाले, रेल्वेच्या पाट्या बदलल्या, महापालिकेच्या लेटरहेडवरून जास्तीचा 'एच' गेला. एका जागी मात्र तो कायमचा राहिला आहे. इथली जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडल्यावर केंद्र सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला आणि १९५० मध्ये त्यासाठी खास कायदा केला. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाच कंपनीसाठी केलेला कायदा समानतेच्या हक्काला बाधा आणतो का, हा त्यातला प्रश्न. राज्यघटना लागू झाली त्याच वर्षीचा हा निकाल आजही देशभरातल्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो, आणि दिल्लीपासून चेन्नईपर्यंतची मुले परीक्षेत लिहितात, 'शोलापूर मिल केस.' तिथे सोलापूर लिहिले तर संदर्भ चुकीचा धरतील.